पंप लागला की बोर्ड रीसेट: ये रे माझ्या मागल्या

नवी मुंबई-ठाण्याच्या महापे, रबाळे, वागळे इस्टेट या पट्ट्यात एम्बेडेडचं, म्हणजे यंत्रांच्या आतल्या छोट्या कंप्युटर-बोर्डांचं काम करणारे आम्ही काही जण अधूनमधून चहाला जमतो. कोणी मीटरच्या कंपनीत, कोणी चार्जरच्या, कोणी घरच्या घरी बोर्ड करून देणारा. गप्पा कशावरूनही सुरू होवोत, पाण्याच्या टाकीची पातळी बघून पंप चालवणाऱ्या कंट्रोलरचं गाऱ्हाणं निघाल्याशिवाय चहा संपत नाही. गाऱ्हाणं तेच असतं, फक्त सोसायटी बदलते. आज ऐरोली, मागच्या वेळी घोडबंदर रोड. ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपच्या बोर्डावर कंट्रोलर केला, घरी टेबलावर छान चालला, पंपरूममध्ये बसवला आणि पंप लागला की बोर्ड रीसेट. मग बोर्ड बदलला, कोड पुन्हा लिहिला, दोन दिवस बरं गेलं आणि तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन.

हा बिघाड मी इतक्या पंपरूममध्ये काढला आहे की आता तपासण्यांचा क्रम पाठ झाला आहे. तो इथे मांडतो. आधी फुकटच्या तपासण्या, मग शे-दोनशे रुपयांच्या, मग मेहनतीच्या. क्रम मोडू नका. बहुतेक लोक थेट ऑसिलोस्कोपकडे किंवा नव्या बोर्डाकडे धावतात, आणि कारण निघतं ते चार्जरच्या केबलमध्ये.

लक्षणं

तुमचा आजार हाच आहे का, ते आधी बघा.

- रिले (बोर्डाच्या हुकमावर चालणारा छोटा स्विच) टक करतो, कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा मोठा स्विच) धाडकन बसतो आणि त्याच क्षणी बोर्डावरचा दिवा विझून पुन्हा लागतो.
- पंप लागतो, लगेच पडतो, पुन्हा लागतो. वॉचमन सांगतो, "साहेब, मोटर नुसती उचक्या देते."
- पंप चालू असताना सगळं ठीक, पण टाकी भरून पंप बंद होताना बोर्ड अडकतो. मग टाकी वाहत राहते किंवा कंट्रोलर मुका होतो.
- १६ बाय २ च्या डिस्प्लेवर चित्रविचित्र अक्षरं येतात, कंट्रोल मात्र चालू असतो.
- वीज गेली आणि आली की कधीकधी बोर्ड उठतच नाही. वीज पुन्हा घालवली की उठतो.
- लॅपटॉप लावून बघायला बसलं की बिघाड गायब.

पंपाशी संबंध न ठेवता दिवसातून कधीही रीसेट होत असेल, विशेषतः वायफायचा राउटर बंद पडल्यावर, तर तो वेगळा रोग आहे. तिथे पुन्हा जोडणी करणारा तुमचा कोड तपासा. बाकीचं हे लिखाण तुमच्या कामाचं नाही.

आधी मोटर वाचवा

शोध पुढे चालू राहील, पण उचक्या देणारी मोटर तशीच ठेवू नका. थेट लागणारी मोटर सुरू होताना चालू करंटच्या साधारण पाच ते सातपट करंट ओढते. बोर्ड रीसेट झाला की रिले सुटतो, पंप बंद होतो, टाकी अजून रिकामीच असते, म्हणून कोड उठल्या उठल्या पुन्हा पंप लावतो. हे चक्र मिनिटभर चाललं तरी वाइंडिंग तापतं. म्हणून कोडमध्ये एक ओळ आजच घाला: बोर्ड उठल्यावर किमान दोन-तीन मिनिटं पंप लावायचा नाही, काहीही झालं तरी. तोवर पंप हाताने चालवू द्या. वॉचमनकाका कुरकुर करतील, पण मोटर पुन्हा भरून घेण्याच्या खर्चापेक्षा ती कुरकुर परवडते.

फुकटची पहिली तपासणी: लागताना की सुटताना?

मी पंपरूममध्ये गेलो की पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि निम्मं निदान तिथेच होतं.

पंप *लागताना* बोर्ड पडत असेल तर संशय सप्लायवर. रिलेची कॉइल करंट मागते, मोटर लाइन खाली ओढते, आणि बोर्डाचा ५ व्होल्ट ५ राहत नाही.

पंप *सुटताना* पडत असेल तर संशय कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर. २३० व्होल्टच्या कॉइलमधला करंट रिलेने तोडला की ती कॉइल सहजासहजी सोडत नाही. संपर्क उघडताना ठिणगी पडते आणि त्या ठिणगीतून निघालेले शेकडो व्होल्टचे, मायक्रोसेकंदांहून छोटे झटके आसपासच्या प्रत्येक वायरमध्ये शिरतात. सप्लाय तेव्हा धडधाकट असतो. बोर्ड पडतो तो गोंगाटामुळे.

दोन्ही रोगांची औषधं वेगळी आहेत. सप्लायच्या रोगाला स्नबर (ठिणगीचा झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावून उपयोग नाही आणि गोंगाटाला मोठा चार्जर आणून उपयोग नाही. लोक दोन्ही एकदम करतात, कशाने बरं वाटलं ते कळत नाही, आणि पुढच्या सोसायटीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दोन्ही वेळी पडत असेल तर दोन्ही रोग आहेत असं धरा आणि आधी सप्लायचा काढा. तो स्वस्त आहे.

दुसरी: बोर्ड काय म्हणतो ते वाचा

ईएसपी३२ उठताना ११५२०० बॉडवर आपण का पडलो ते लिहितो. ते न वाचता कोड बदलणारे खूप भेटतात. पहिल्या ओळीत ८ जून २०१६ किंवा २९ जुलै २०१९ अशी तारीख दिसेल. ती चिपच्या आत कायम कोरलेल्या रॉमची आहे. तिच्यावरून बोर्ड जुना किंवा नकली ठरवू नका, घड्याळ चुकलं असंही समजू नका.

"ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड" ही ओळ, म्हणजे व्होल्टेज ठरल्या पातळीखाली गेल्याची नोंद, आली की विषय संपला, सप्लाय पडतोय. वॉचडॉगचं (अडकलेल्या कोडला रीसेट करणाऱ्या टायमरचं) नाव आलं तर कोड कुठेतरी अडकला. तो गोंगाटाने बिथरलेल्या सेन्सरची वाट बघत अडकला असेल, किंवा तुमच्याच लूपमध्ये. "पॉवरऑन रीसेट" आलं तर मात्र सावध राहा. याचा अर्थ वीज गेली होती असाच लोक घेतात. पण ईएन पिन (चिपला चालू-बंद करणारी) क्षणभर खाली गेली तरी ईएसपी३२ हेच कारण सांगतो. बोर्डावरचं रीसेटचं बटण दाबून बघा, तीच ओळ येईल. म्हणजे पंप सुटताना "पॉवरऑन" दिसत असेल तर सप्लाय नव्हे, ईएन पिनवर आलेला झटका हा पहिला आरोपी.

"फ्लॅश रीड एरर" किंवा "इनव्हॅलिड हेडर" दिसलं तरी लगेच फ्लॅश खराब म्हणून बोर्ड फेकू नका. मूळ ईएसपी३२ मध्ये ब्राउनआउटची ठरलेली पातळी साधारण २.४३ व्होल्ट आहे, आणि बऱ्याच फ्लॅश चिपांना किमान २.७ व्होल्ट लागतात. मधल्या पट्ट्यात प्रोसेसर जागा असतो पण फ्लॅश चुकीचं वाचून देते. हाही सप्लायचाच रोग, फक्त दुसऱ्या नावाने आलेला.

एसटीएम३२ वापरत असाल तर रीसेटची कारणं आरसीसीच्या सीएसआर रजिस्टरमध्ये मिळतात, आर्डुइनो नॅनोत एमसीयूएसआरमध्ये. उठल्या उठल्या वाचा, जपून ठेवा, मगच पुसा.

आता लॅपटॉपचं. यूएसबी लावली की लॅपटॉप स्वतःचे ५ व्होल्ट बोर्डाला पुरवतो, कमकुवत चार्जरला टेकू मिळतो आणि बिघाड पळतो. म्हणून लॉग घेताना ५ व्होल्टची तार सोडून फक्त जमीन (ग्राउंड) आणि टीएक्स (बोर्डाकडून लॉग येणारी तार) जोडा, किंवा यूएसबी आयसोलेटर वापरा, आणि लॅपटॉप बॅटरीवर ठेवा. सिरियल मॉनिटर उघडला की बोर्ड एकदा रीसेट होतो, तो मोजू नका. सगळ्यात सोयीचं म्हणजे रीसेटचं कारण एनव्हीएसमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या फ्लॅशच्या भागात) लिहून ठेवा आणि वायफाय जोडलं की पाठवून द्या. मग पंपरूममध्ये डासांच्या संगतीत ताटकळायला नको.

इथेच एक घरगुती उपाय कानावर येईल: ब्राउनआउट डिटेक्टरच कोडमधून बंद करा. एका ओळीचं काम आहे, रीसेट थांबल्यासारखाही वाटतो. थर्मामीटर फोडून ताप उतरवण्यातला हा प्रकार. व्होल्टेज तेवढंच पडत राहतं, बोर्ड आता अर्धवट शुद्धीत चालतो, आणि त्याच वेळी फ्लॅशमध्ये काही लिहिणं चालू असेल तर तेही बिघडतं. कोणाच्या कोडमध्ये ही ओळ दिसली तर आधी ती काढा आणि मग निदानाला बसा.

तिसरी: रिकामी टकटक

कंट्रोलर पंपरूममधून काढून टेबलावर आणा. रिलेच्या पलीकडे काहीही जोडू नका. दर पाच सेकंदांनी रिले लावणारा-सोडणारा छोटा प्रोग्राम टाका, वायफाय चालू ठेवा, सप्लाय मात्र पंपरूममधलाच वापरा. तासभर टकटक चालू द्या.

इथेच पडला तर पंपाचा, लाइनचा, कॉन्टॅक्टरचा काही दोष नाही. बिघाड तुमच्या डब्यातच आहे आणि पुढच्या दोन तपासण्यांत सापडेल.

इथे नाही पडला तर पुढची पायरी पंपरूममध्ये, वायरमनच्या हाताने: मोटरच्या तारा सोडून फक्त कॉन्टॅक्टर बसवा-उठवा. आता पडला तर कॉइलचा झटका. तरीही नाही पडला आणि मोटर जोडल्यावरच पडतो, तर एक तर लाइन खाली जाते किंवा मोटरच्या केबलशेजारून जाणारी तुमची वायर गोंगाट उचलते. या तीन पायऱ्यांत खर्च शून्य आहे आणि संशयितांची यादी एकावर येते.

चौथी: चार्जर, केबल आणि ते पाच व्होल्ट

ईएसपी३२ चं वायफाय प्रक्षेपण करताना करंट २४० मिलिअँपिअरपर्यंत जातो. म्हणून निर्मातेच किमान ५०० मिलिअँपिअरचा सप्लाय द्या म्हणतात. त्यात साखरेच्या खड्यासारखा दिसणारा नेहमीचा निळा ५ व्होल्टचा रिले धरा. त्याची कॉइल सुमारे ७० ओहम, म्हणजे एकेक रिले ७० मिलिअँपिअरच्या आसपास खातो. दोन रिले, डिस्प्लेचा बॅकलाइट, सेन्सर अशी बेरीज करा. ३ वॅटचं बंद डबीतलं पॉवर मॉड्यूल वापरलं असेल तर ते जास्तीत जास्त ६०० मिलिअँपिअर देतं. कागदावर जेमतेम पुरतं, पंपरूमच्या उकाड्यात पुरत नाही.

मोबाइलचा चार्जर असेल तर आधी केबल बदला. स्वस्त केबलमधली २८ गेजची तार मीटरला सुमारे ०.२१ ओहम असते. जाऊन-येऊन ०.४२. अर्ध्या अँपिअरला ०.२ व्होल्ट नुसत्या केबलमध्ये गेले, आणि हा एका मीटरचा हिशोब झाला. बऱ्याच डेव्हलपमेंट बोर्डांवर यूएसबीनंतर एक शॉटकी डायोड असतो, त्यात आणखी ०.३ च्या आसपास. उरले साडेचार. पुढे ३.३ व्होल्ट करणारा १११७ जातीचा रेग्युलेटर स्वतःसाठी १.१ व्होल्ट मागतो, म्हणजे त्याला ४.४ लागतात. हातात काय राहिलं? ०.१ व्होल्ट. तेवढ्यात रिले ओढला की खेळ खलास. रास्पबेरी पायच्या अडॅप्टरवर ५.१ व्होल्ट लिहिलेलं असतं ते केबलमधली ही गळती धरूनच. मी तसाच जाड, आखूड वायरचा, अडीच-तीन अँपिअरचा अडॅप्टर पिशवीत ठेवतो. तो लावून बिघाड थांबला तर उत्तर मिळालं.

मल्टिमीटरवर ५.०२ दिसतंय म्हणून निश्चिंत होऊ नका. मीटर सेकंदातून दोन-तीनदाच आकडा दाखवतो, आणि हा खड्डा मिलिसेकंदांचा असतो. मिन-मॅक्सची सोय असलेला मीटर असेल तर थोडं कळतं, तेही पूर्ण नाही.

कपॅसिटर लावायचाच तर बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेजवळ लावा. ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला नको. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३०० मिलिअँपिअरला एक मिलिसेकंद सांभाळताना ०.३ व्होल्ट गमावतो. म्हणजे वायफायचा आणि रिलेचा झटका तो झेलेल, पण मोटर सुरू होताना लाइन अर्धा सेकंद खाली बसली तर तो काहीही करू शकत नाही.

आणि लाइन खरंच बसते. जुन्या पॅनेलमध्ये लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) असेल तर हा हिशोब करा. ६-०-६ चा ट्रान्सफॉर्मर, डायोडनंतर शिखर सुमारे ७.८ व्होल्ट. ७८०५ ला ७ च्या आसपास लागतात. पंप सुरू होताना २३० चे १८० झाले की तेच ७.८ ५.९ वर येतात. अशा ठिकाणी कितीही कपॅसिटर लावा, पंप लागला की बोर्ड बसणारच. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा चांगला एसएमपीएस (स्विचिंग सप्लाय) लावा, प्रश्न मिटतो.

पाचवी: रिलेला वेगळं जेवण

रिले मॉड्यूलचा ५ व्होल्ट बोर्डाच्या पिनेतून घेऊ नका, सप्लायच्या टर्मिनलवरून वेगळ्या जाड तारेने घ्या. ३.३ च्या पिनेतून तर मुळीच नको. ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल देऊन दोन बाजू अलग ठेवणारा भाग) असलेल्या मॉड्यूलवर व्हीसीसी आणि जेडी-व्हीसीसी जोडणारा छोटा जंपर असतो. तो जागेवर असेपर्यंत ऑप्टोकपलर नावापुरता, कारण दोन्ही बाजू एकाच सप्लायवर असतात. जंपर काढा, कॉइलसाठी जेडी-व्हीसीसी आणि जमीन यांवर स्वतंत्र ५ व्होल्ट द्या, आणि ती जमीन बोर्डाच्या जमिनीला जोडू नका. ती जोडली की अलगपणा गेला. व्हीसीसीला ३.३ दिल्यावर काही मॉड्यूल अर्धवट ओढतात, तिथे मध्ये एक ट्रान्झिस्टर घाला.

याच वेळी ढिले स्क्रू बघा. फार साधी गोष्ट, पण वाशी-ऐरोलीच्या खाडीकाठच्या पंपरूममध्ये एका पावसाळ्यात टर्मिनल हिरवी पडतात. ड्युपाँटच्या, म्हणजे पिनांवर नुसत्या खोचायच्या तारा पंपरूममध्ये टिकत नाहीत. थिंबल मारून स्क्रूत आवळा.

सहावी: कॉन्टॅक्टरची कॉइल

सुटताना बोर्ड पडत असेल तर हाच खरा उपाय. कॉन्टॅक्टरच्या ए१ आणि ए२ वर, म्हणजे थेट कॉइलवर, आरसी स्नबर लावून घ्या. नेहमीचं माप १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, कपॅसिटर २७५ व्होल्ट एसीचा, एक्स२ जातीचाच, म्हणजे मेन्सवर लावण्यासाठी केलेला. साधा पिवळा कपॅसिटर फुटतो, कधी पेटतो. कॉन्टॅक्टरवर चिकटवून बसणारे तयार सर्ज सप्रेसर मिळतात, दुकानात कॉन्टॅक्टरचा मॉडेल नंबर दाखवा. मी तेच सुचवतो, कारण सोसायटीच्या पॅनेलमध्ये लोंबकळणारे सुटे भाग नकोत.

एसी कॉइलवर डायोड लावू नका. डीसी रिलेवर चालतो म्हणून कोणीतरी तोच धडा इथे गिरवतो आणि पहिल्याच अर्ध्या आवर्तनात डायोड उडतो.

स्नबर रिलेच्या संपर्कांवरही लावतात. ठिणगी तिथेही कमी होते, पण एक गोम आहे. ०.१ मायक्रोफॅरडमधून ५० हर्ट्झला २३० व्होल्टवर सुमारे ७ मिलिअँपिअर सतत झिरपतात, रिले उघडा असला तरी. मोठ्या कॉन्टॅक्टरला त्याचं काही नाही. छोट्या कॉइलचा असेल तर गुणगुणतो, कधी सुटतच नाही, आणि पॅनेलवरचा दिवा मंद पेटलेला राहतो. मग "पंप बंद असून दिवा चालू" अशी नवी तक्रार. म्हणून कॉइलवरच लावा.

डिस्प्लेवरच्या विचित्र अक्षरांचं मूळही याच झटक्यात आहे. चार तारांवर चालणारा तो डिस्प्ले प्रत्येक अक्षर दोन अर्ध्यांत घेतो. मध्येच एक झटका मोजला गेला की जोड्या चुकतात आणि पुढचं सगळं वाकडं. बोर्ड ठणठणीत असतो. झटका आवरेपर्यंत दर काही मिनिटांनी डिस्प्ले नव्याने सुरू करणारी ओळ कोडमध्ये टाका.

सातवी: गच्चीवरून येणारी ती लांब केबल

सात मजली इमारतीत फ्लोट स्विचची (टाकीतली पातळी कळवणाऱ्या तरंगत्या स्विचची) केबल गच्चीवरून खाली येते, आणि वायरमनने सोयीसाठी ती पंपाच्या केबलबरोबर एकाच पाइपात ओढलेली असते. ती केबल आता अँटेना आहे. तिचं दुसरं टोक थेट ईएसपी३२ च्या पिनेत.

कोड उघडून पिनेचा नंबर बघा. ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतला पुलअप (पिनेला ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) नाही. कोडमध्ये पुलअप लिहिला तरी तो लागत नाही. पिन हवेत तरंगत राहते आणि पंप लागला की टाकी क्षणात भरते, क्षणात रिकामी होते, अर्थात फक्त बोर्डाच्या मते. बाहेरून पुलअप रेझिस्टर लावा. त्याहून चांगलं म्हणजे केबलवर १२ व्होल्ट पाठवा आणि बोर्डाजवळ पीसी८१७ ऑप्टोकपलर ठेवा. काही मिलिअँपिअर वाहू लागले की गोंगाटाला तेवढा करंट हलवणं जमत नाही, आणि फ्लोटचे गंजलेले संपर्कही बरे चालतात. केबल वेगळ्या पाइपातून, पंपाच्या केबलपासून हातभर लांब. कोडमध्ये पातळी सलग तीन-चार सेकंद तीच दिसली तरच मान्य करा. टाकीतलं पाणी सेकंदात वर-खाली होत नसतं.

पावसात गच्चीवरचा जंक्शन बॉक्स उघडून बघा. केबल वरून आत शिरली असेल तर बॉक्समध्ये पाणी असणार. ग्लँड खालच्या बाजूला घ्या.

वीज आल्यावर बोर्ड उठत नसेल तर फ्लोट किंवा रिले पिन १२ वर आहे का पहा. उठताना ही पिन वर ओढलेली असली की चिप फ्लॅशला १.८ व्होल्ट द्यायला जाते आणि ३.३ ची फ्लॅश मुकी राहते. टाकीच्या पातळीप्रमाणे बोर्ड कधी उठतो कधी नाही, हे गूढ यातलंच. पिना ०, २, ५ आणि १५ वरही उठतानाच्या अवस्थेला अर्थ असतो. बाहेरच्या वायरी या पाचांपासून लांब ठेवा.

ईएन पिनेवर १० किलोओहमचा पुलअप आणि जमिनीकडे ०.१ ते १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे का, तेही बघा. काही स्वस्त बोर्डांवर हा कपॅसिटर नसतो. सोल्डरिंगचं मिनिटभराचं काम आहे, आणि सुटताना "पॉवरऑन" दाखवणारे बरेच बोर्ड एवढ्यावरच शांत होतात.

आठवी: ऑसिलोस्कोप, पण टेबलावर

इथवर आलात आणि बिघाड कायम आहे तर स्कोप काढा. ३.३ व्होल्टवर, चिपच्या अगदी जवळ, प्रोबची लांब जमिनीची शेपटी काढून छोटी स्प्रिंग लावून. ट्रिगर ३ व्होल्टवर, उतरत्या कडेला, एकदाच. रुंद खड्डा दिसला तर सप्लाय, सुईसारखे काटे दिसले तर गोंगाट. शेपटी लांब ठेवलीत तर ती स्वतःच गोंगाट उचलते आणि नसलेले काटे दाखवते.

हे टेबलावर, एसी बाजू बंद डब्यात ठेवून. पॅनेलमध्ये स्कोपची जमीन कुठेही लावायची नाही. ती क्लिप स्कोपच्या प्लगमधून थेट अर्थिंगला जोडलेली असते. फेजला लागली तर धडाका, आणि हातात प्रोब तुमच्याच.

इथे थांबा

खालीलपैकी काहीही असेल तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. बोर्ड लिहिता येतो म्हणजे पॅनेलमध्ये हात घालता येतो असं नाही.

- पॅनेलला हात लावल्यावर मुंग्या येतात, किंवा अर्थिंगची तारच सापडत नाही.
- एमसीबी किंवा आरसीसीबी वारंवार पडतो. मोठा एमसीबी बसवून तो प्रश्न सुटत नाही, झाकला जातो.
- कॉन्टॅक्टरमधून जळका वास, काळे पडलेले संपर्क, वितळलेलं प्लास्टिक.
- तीन फेजची ४१५ व्होल्टची मोटर असून एक फेज गेल्याचा संशय. मोटर गुरगुरते पण फिरत नाही. हिचा तुमच्या बोर्डाशी संबंध नाही आणि हिला मिनिटंच असतात.
- पंप लागला की अख्ख्या इमारतीचे दिवे मंद होतात. हे केबल किंवा जोडणीचं काम आहे, इलेक्ट्रिशियनने तपासून गरज पडली तर महावितरणकडे तक्रार द्यायची.

आगीच्या पंपाच्या आणि लिफ्टच्या पॅनेलला हा कंट्रोलर जोडायचाच नाही. कमिटीने कितीही आग्रह केला तरी नाही म्हणा.

आणि हे एका सोसायटीपुरतं नसून विकायचं उत्पादन असेल, तर एका पंपरूममध्ये चाललं म्हणून समाधान मानू नका. आयईसी ६१०००-४-४ ची चाचणी नेमकी कॉन्टॅक्टरसारख्या झटक्यांसाठी आहे, ६१०००-४-५ मोठ्या सर्जसाठी. ईएमसी प्रयोगशाळेत पैसे लागतात, पण तिथे पडलेला बोर्ड ग्राहकाकडे पडणाऱ्या बोर्डापेक्षा स्वस्त.

विचारायला येताना

आमच्यातल्या कोणालाही विचारा, सांगणार सगळेच. पण "बोर्ड रीसेट होतो, काय करू" एवढंच घेऊन आलात तर पहिला अर्धा तास प्रश्न विचारण्यातच जातो. बोर्ड उठतानाच्या पहिल्या दहा ओळी आणा. लागताना पडतो की सुटताना, ते सांगा. रिकाम्या टकटकीत काय झालं, सप्लाय कुठला, किती वॅटचा, केबल किती लांब, फ्लोट कोणत्या पिनेवर. हाताने काढलेली आकृती चालेल, फक्त तिच्यात जमिनीच्या तारा कुठून कुठे जातात ते दाखवा. लोक नेमकं तेच वगळतात.

पंपरूमचा फोटोही आणा. गुंता आवरून, तारा नीट बांधून मग काढलेला नको, जसा आहे तसाच. फ्लोटची केबल पंपाच्या केबलला टेपने बांधलेली पुष्कळदा त्या फोटोतच दिसते.